करंगळी

ओहोटीला मी कालवं काढत आले आहे
बारा वर्षांची होते तेव्हापासून,
तारामुंबरीच्या खडकांवर, गुडघे सोलून घेत.
कोयतीचं टोक शिंपल्याच्या फटीत घालायचं
आणि मनगट फिरवायचं. जोर नाही लावायचा.
जोर लावला की शिंपला फुटतो, आतला जीव खरवडतो.
एवढं मला येत होतं.

पोरीला छातीला लावायचं येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अंगात ताप भरला,
छाती दगड झाली, जात्याच्या तळीसारखी.
दूध आत होतं, बाहेर येत नव्हतं,
आणि ती टोकाला धरून ओढायची, फक्त टोकाला.
मी दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरातलं
बर्फ कारखान्याचं नाव वाचत राहायची
पुन्हा पुन्हा, पत्त्यासकट, फोन नंबरासकट.
मग ती थकून झोपायची. भुकेली झोपायची.
झबल्यावर रक्ताचा थेंब दिसला,
मला वाटलं तिचा.
माझा होता.

बघायला येणाऱ्या बायका दारातूनच विचारत,
"दूध येता मा गो?"
लिलावात विचारतात तशा, बांगडो ताजो मा?
एकीच्या सुनेची चोळी म्हणे भिजून पिळायला लागायची.
कुणी म्हणालं बकरीचं द्या. कुणी म्हणालं मध चाटवा.
सासूने अहळीव भिजत घातले, बोलली काहीच नाही,
पण पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला
देवाच्या तसबिरीशेजारी.
रात्रभर मी डब्याकडे आणि डबा माझ्याकडे.
घो बोटीवर. वेंगुर्ल्याच्या बाजूला बांगडा लागला होता.

मार्सेलिन सिस्टर उपकेंद्रातून चालत आली.
चपला बाहेर, हात धुतले,
आधी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे.
"जेवलंस गो?"
चार दिवसांत हा पहिला प्रश्न माझा होता.

"दूध नाय म्हणान कोणी सांगितल्यान?
चेडवाचा पोट केवढां ता म्हायत आसा?
जल्मला तेव्हा करवंदाएवढां. आता आवळो समज."

ऊन पाण्यातला फडका. हलक्या बोटांनी
थोडं वाटीत काढलं, छाती जरा मऊ झाली.
मग पोरीचं पोट माझ्या पोटाला, नाक टोकासमोर,
डोकं दाबायचं नाही, खांद्यांमागे हात.
"थांब. अजून थांब. तोंड मोठां उघडू दी."
जांभई द्यावी तसं उघडलं तिने.
"आता."

आणि तिने धरलं. नुसतं टोक नाही, भोवतालचं काळं सगळं,
खालचा ओठ बाहेर उलटून,
कालव खडकाला धरतं तसं.
दुखलं. पण वेगळं दुखलं.
मग गिळल्याचा आवाज आला, एवढासा,
नांगरलेल्या होडीखाली पाणी करतं तसा.

"चुकीचा धरल्यान तर ओढू नको हां.
करंगळी घाल तोंडाच्या कोपऱ्यात,
वारो आत जाऊ दी, आपसूक सोडतला."

मी हसले.
कोयतीचं टोक. फटीत. मनगट फिरवायचं.

सगळं त्या दिवशी बरं झालं नाही.
डावी बाजू आणखी आठवडाभर चिरलेली,
आपलंच दूध लावून वाऱ्यावर ठेवायची.
रात्री दोनला, चारला, वाटी-चमचा.
एकदा तिला रडती खाली ठेवून
न्हाणीत गेले, पदर तोंडात कोंबला.
बाहेर आले तर सासू तिला मांडीवर घेऊन बसलेली.

अंधारात, माझ्याकडे न बघता, म्हणाली,
"तुझ्या घोवाक आठ दिस खैरूनान पाजल्यान.
माका दूधच येय नाय होता.
कोणाक सांगूक नाय मी."

खैरून सोलकर. बाजारात आमच्या शेजारी बसते.
सासूने तिला कालवं कधी विकली नाहीत,
पान भरून तशीच देते, दर वेळी,
आणि ती नको म्हणत नाही.
मला वाटायचं, कसली तरी जुनी उधारी असेल.

पोरगी पुन्हा उठली.
मी डावी बाजू पुढे केली,
करंगळी तयार ठेवून.